आमची वाटचाल : छावण्यांवरची भरती आणि पोरांकडून एक रुपया न घेण्याचा नियम

आमचं परदेशी नोकरभरतीचं ऑफिस माहीमला, दोन खोल्यांचं. वडिलांनी सुरू केलं तेव्हा धंदा सरळ गल्फचा होता, कुवेत, सौदी, मस्कत. प्लंबर, एसी मेकॅनिक, कुक, लाँड्रीवाले असे पाठवायचे. पोरं बहुतेक कोकणातली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन इकडची, कारण आमचं मूळ तिकडचंच आणि लोक नावाने ओळखायचे. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली आरसी (एजंटचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट), बँक गॅरंटी, पीओईकडे (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी ऑफिसकडे) क्लिअरन्स, एवढं नीट केलं की झालं असं तेव्हा वाटायचं.

इराकचं युद्ध २००३ ला सुरू झालं आणि कुवेतच्या डिमांड लेटरांचा, म्हणजे माणसं मागणाऱ्या कंपन्यांच्या पत्रांचा, सूरच बदलला. अमेरिकन सैन्याच्या छावण्यांवर जेवण, धुलाई, जनरेटर, साफसफाई हे सगळं काम कंत्राटावर जायला लागलं. वर एक मोठी अमेरिकन कंपनी, तिच्याखाली कुवेत किंवा दुबईची सब, म्हणजे पोटकंत्राटदार कंपनी, तिच्याखाली अजून एक सब, आणि एकदम तळाला आमच्यासारखा मुंबईतला रिक्रूटर. लेटरवर कुवेत लिहिलेलं असायचं, काम मात्र पलीकडे इराकमध्ये. जुलै २००४ मध्ये तीन भारतीय ट्रक ड्रायव्हर इराकमध्ये पळवले गेले, १ सप्टेंबरला सुटले, आणि सरकारने त्या वेळी इराकला कामासाठी जाणं बंद केलं. त्याच ऑगस्टच्या शेवटी नेपाळच्या बारा जणांना मारलं, त्यातल्या बऱ्याच जणांना जॉर्डनमध्ये अम्मानला हॉटेलात नोकरी म्हणून सांगितलेलं आणि न्यायला निघाले होते अल असदच्या तळावर. वडील ती बातमी वाचून दोन दिवस नीट बोलले नाहीत. मग त्यांनी सगळ्या क्लायंटना कळवलं की डिमांड लेटरवर कामाचं खरं ठिकाण आणि वरचा मूळ करार कोणाचा हे नसेल तर आमच्याकडे इंटरव्ह्यू होणार नाही. काही क्लायंट तिथेच तुटले.

मी धंद्यात पूर्ण वेळ आलो तोवर अफगाणिस्तानची कामं जोरात होती, बगराम, कंदाहार. २०१२ मध्ये तिथे अमेरिकन संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर एक लाखाच्या वर माणसं होती आणि त्यात आपल्याकडची, नेपाळची, फिलिपिन्सची भरपूर. तेव्हाच मी या अमेरिकन कंत्राटांचे कायदे बसून वाचायला घेतले, कारण पाठवायचं आमच्या सहीने आणि नियम मात्र कुठल्या तरी सबच्या फोनवर ऐकायचे हे मला पटत नव्हतं.

सगळ्यात मोठा पेच पैशाचा. आपल्या कायद्यात रजिस्टर्ड एजंट कामगाराकडून सर्व्हिस चार्ज घेऊ शकतो, २०१७ पासून मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. पण अमेरिकन सरकारी कंत्राटातल्या मानवी तस्करीविरोधी कलमात, मार्च २०१५ पासून, कामगाराकडून भरती फी घ्यायचीच नाही. मूळ कंपनीने नाही, सबने नाही, एजंटने नाही, गावातल्या दलालानेही नाही. म्हणजे इथे कायदेशीर असलेला पैसा तिथे कंत्राट रद्द व्हायचं कारण. शिवाय अमेरिकन कायद्याने खोटं सांगून भरती केली तर ५ वर्षांपर्यंत कैद, आणि अमेरिकेबाहेर त्यांच्या सरकारी कंत्राटावर काम असलं तरी ते लागू.

दुबईच्या एका सबचे साहेब ऑफिसला आले होते तेव्हा ते म्हणाले तुमच्याकडे चालतं ना, मग पोरांकडून घ्या, आम्ही तुम्हाला पर हेड काही देणार नाही. मी म्हटलं साहेब, ज्या कंत्राटातून तुम्हाला पैसे मिळतात त्याच कंत्राटात हे मना केलंय, कागद दाखवू का. चहा अर्धा ठेवून गेले, ती ऑर्डर दुसऱ्या एजंटला गेली, आणि माझ्या कानावर आलं की तिथे पोरांनी दीड दीड पेटी, म्हणजे दीड दीड लाख, मोजली. जमीन गहाण ठेवून, बायकोचं सोनं मोडून. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन गेलेला माणूस तिथे रॉकेट पडलं तरी परत येऊ शकत नाही, पगार कापला तरी बोलू शकत नाही. मला हा नियम म्हणूनच मनापासून पटतो, अमेरिकेने केलाय म्हणून नाही.

आमचा चार्ज आम्ही कंपनीकडूनच घेतो. त्यामुळे काही वर्षं फार ओढाताणीची गेली, तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, सर्टिफिकेटचं अटेस्टेशन अशी कामं करून ऑफिसचं भाडं काढलं, हिशोब माझी मिसेस बघते म्हणून निभावलं. गावातले सबएजंट पूर्ण बंद केले. तरी कोणी ना कोणी मधे हात मारतोच, म्हणून सिलेक्शन झालं की प्रत्येकाला एकट्याला आतल्या खोलीत बसवून विचारतो, कोणाला काही दिलंस का. आधी सगळे नाहीच म्हणतात. मग मी सांगतो की दिले असतील तर तुझी नोकरी जाणार नाही, तुझे पैसे परत येतील, तेव्हा मान खाली घालून नाव सांगतात. पैसे परत आल्याशिवाय आम्ही त्याची फाइल पुढे नेत नाही.

दुसरी गोष्ट कराराची. नियमाने कामाचा कागद माणसाला कळणाऱ्या भाषेत आणि निघायच्या किमान पाच दिवस आधी हातात पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो एअरपोर्टवर देतात, सही कर म्हणतात. आमच्याकडे शनिवारी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचला जातो, मराठीत, हिंदी पाहिजे त्याला हिंदीत. मंडणगडचा एक कुक होता, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ऐकत होता, ओव्हरटाइमची ओळ आली तेव्हा त्याने थांबवलं आणि विचारलं की बारा तासाच्या ड्युटीत चार तास ओव्हरटाइम धरतात की नाही. कागदात ते स्पष्ट नव्हतंच. आम्ही कंपनीला मेल टाकला, दोन ओळी वाढवून आल्या, आणि त्या बॅचच्या सगळ्यांना फायदा झाला. राहायच्या जागेचंही तसंच, इराक-अफगाणिस्तानच्या कंत्राटांत माणशी किमान ५० चौरस फूट असं कलम यायचं, ते आम्ही वाचून दाखवायचो म्हणजे तिकडे गेल्यावर कंटेनरमध्ये कोंबलं तर मागायला आधार.

पासपोर्ट तर कोणी ठेवून घेऊच शकत नाही. इराकमध्ये ही तक्रार इतकी वाढली होती की एप्रिल २००६ मध्ये सैन्यानेच कंत्राटदारांना पासपोर्ट परत करायला लावले. आम्ही व्हिसासाठी घेतला तर तारखेसह पावती देतो आणि काम झालं की त्याच दिवशी परत.

पण ज्यामुळे मला या सगळ्या कागदांची किंमत कळली ती चिपळूणकडच्या एका जनरेटर मेकॅनिकची केस. रात्री झोपेत असताना छावणीवर रॉकेट पडलं त्यात गेला. मधल्या सबने भावाला फोन केला, ठरावीक रक्कम देतो, एका कागदावर वहिनींची सही पाठवा. भाऊ तो कागद घेऊन आधी आमच्याकडे आला हे नशीब. १९४१ चा डिफेन्स बेस ॲक्ट म्हणून कायदा आहे, परदेशातल्या तळावर अमेरिकन कंत्राटात काम करणारा कुठल्याही देशाचा असो, सबकडे असो, त्याचा विमा काढलाच पाहिजे, नाही काढला तर गुन्हा. ड्युटीवर नव्हता हे कारण इथे चालत नाही, कारण जागाच धोक्याची आहे हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्येच धरलंय. आणि हक्क सोडल्याची सही खाजगीत घेतली तर ती कायद्याने निरर्थक, तडजोड करायची तर अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मंजुरीने. मी म्हटलं वहिनींना सांगा, कुठेही सही करायची नाही.

पुढचे महिने कागदांत गेले. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यात वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. ग्रामपंचायत, तहसील, ॲफिडेव्हिट, मंत्रालय, मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. क्लेमला एक वर्षाची मुदत असते म्हणून घाई. पॉलिसीची कॉपी आमच्या फाइलला आधीपासून होती, त्यामुळे विमा कंपनी कोणती हे शोधत फिरावं लागलं नाही. शेवटी वहिनींना भरपाई सुरू झाली, नवऱ्याच्या सरासरी आठवड्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा आणि मुलीमुळे त्याच पगाराचा अजून सहावा. एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. परदेशी वारसांच्या बाबतीत पुढचे सगळे हप्ते एकरकमी करून त्या रकमेच्या फक्त निम्मे द्यायची सोय त्या कायद्यात आहे. त्याच छावणीत, त्याच रॉकेटने गेलेला माणूस, आणि नागरिक नाही म्हणून त्याच्या घराला निम्मं. हे बदलायला पाहिजे, मी जिथे बोलायची संधी मिळते तिथे बोलतो.

जुलै २०२१ च्या सुरवातीला बगराम रिकामं झालं तेव्हा आमची काही पोरं दुबईत अडकली, सब म्हणे तिकीट नंतर बघू. करार संपला की घरी परत पाठवायचा खर्च कंपनीचाच असतो, ते कलम जोडून वरच्या मूळ कंपनीला थेट मेल केली. तिकिटं आली.

आपल्याकडे एक भोक अजून आहे. दहावी पास पोरांचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एमिग्रेशन चेक न लागणारा, असतो, त्यांना क्लिअरन्स लागत नाही, त्यामुळे प्रवासी भारतीय बिमा योजनेचा १० लाखांचा विमाही त्यांना सक्तीचा नाही, आणि ते गेले कुठे याची नोंदही धड राहत नाही. आम्ही त्यांनाही विमा घ्यायला लावतो, नाही म्हणाला तर घरच्यांना फोन करतो.

सध्या काम कमी आहे, इराकची एखादी डिमांड येते. आली की आधी आमच्याकडून चार गोष्टी विचारल्या जातात, मूळ करार कोणाचा, कामाची जागा कुठली, पॉलिसी नंबर काय, पर हेड चार्ज कोण देणार. आत्ता एका कॅम्पसाठी लाँड्री आणि मेसची माणसं मागितलीत, तीन उत्तरं आलीत, पॉलिसीचा कागद अजून आलेला नाही. तो आल्यावरच इंटरव्ह्यूची तारीख लावू असं पोरांना सांगून ठेवलंय.