कोरे खवले

माशाचं वय खवल्यांवरून वाचता येतं. वयाबरोबर खवल्यांची संख्या वाढत नाही, आकार वाढतो, आणि प्रत्येकावर वलयं उमटत जातात. वाढ मंदावली की वलयं दाटतात. ती दाट पट्टी म्हणजे एक वर्ष. खवला गळला तर नवा येतो, पण घाईघाईने. त्याचा मधला भाग कोरा राहतो आणि आधीची वर्षं पुसली जातात.

परवा नंबराचा टॅग लावलेल्या एका माशाच्या खवल्यांचं पाकीट उघडलं. अकरा खवले भिजवले, बोटांत चोळून बुळबुळीतपणा काढला, दोन काचांमध्ये दाबून मायक्रोस्कोपखाली घेतले. पहिला कोरा, दुसरा कोरा, असे दहा. प्रत्येकाच्या कोऱ्या भागाबाहेर दोनच पट्ट्या. अकरावा तेवढा शाबूत. त्याच्यावर मात्र सहा.

टॅगचा नंबर जुन्या वहीत सापडला. दोन वर्षांपूर्वी हाच मासा पकडून सोडलेला, तेव्हा वय तीन. मग आता पाच हवं. सहावी पट्टी कुठली?

जुनं पाकीट काढलं. आत तीसहून जास्त खवले! दहा-बारा पुरतात. आमच्यातले काही जण खवल्याला नखासारखं निर्जीव समजतात आणि सुरीची पाठ ओढत सुटतात. खवल्यावर जिवंत त्वचेचा पातळ थर असतो, त्यावर चिकट स्राव. तो फाटला की मासा रोगाला उघडा पडतो. हे कितीदा सांगायचं?

जुन्यातला एक खवला नव्याशेजारी ठेवला. जुना जेवढा मोठा, तेवढाच नव्याचा कोरा भाग. मग शाबूत खवला पुन्हा पाहिला. तिसऱ्या पट्टीला लागूनच एक बारीक, अर्धवट पट्टी होती, एका बाजूला विरलेली. ती वर्षाची नव्हती. आम्ही ओरबाडलं तेव्हा वाढ खुंटली, त्याची खूण असणार.

पाच लिहिलं. टॅग नसता तर सहा लिहून मोकळी झाले असते, कारण फॉर्ममध्ये शंकेला रकानाच नाही. माशाच्या आतल्या कानात खडा असतो, त्यावरही वलयं उमटतात; तो पाहून खात्री करता येते, पण त्यासाठी मासा मारावा लागतो, आणि आम्ही खवले घेतो तेच त्याला जिवंत सोडता यावं म्हणून.

कालपासून टॅग नसलेल्या माशांची जुनी पाकिटं काढून बसले आहे. ज्यांत कोरे खवले जास्त, ती आधी.