पाच माणसं, अडीच तिकिटं

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या ड्यूटीला माणूस माणसाला ओळखत नाही. दुपारपर्यंत सगळे गुलालानं एकाच रंगाचे झालेले असतात. तरी 2025 च्या यात्रेतलं एक कुटुंब माझ्या ध्यानात राहिलंय, ते एका अर्ध्या तिकिटापायी.

12 एप्रिल, शनिवार, चैत्र पौर्णिमा. मी एसटीत कंडक्टर, म्हणजे आमच्याकडचा ‘मास्तर’. दिवसभर एकच काम, कोल्हापूर बसस्थानक ते जोतिबा आणि परत. यात्रेत गाडी चालू झाल्यावर तिकिटं देत बसायला जमत नाही. रांगेतच तिकिटं द्यायची, गाडी भरायची आणि डबल बेल मारायची.

सकाळी साडेसातला हे पाचजण पुढं आले. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, बायको, आठेक वर्षांचा पोरगा, कडेवर चार वर्षांची पोरगी आणि आजी. बाईच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं आणि एक रुमाल, त्याला पाच गाठी मारलेल्या. मी मशीनला हात लावायच्या आधीच बाईनं हिशेब सांगितला.

“मास्तर, पाच माणसं, पैसं दोन तिकिटांचं. ह्यांचं पूर्ण, माझं अर्धं, पोराचं अर्धं. बारकी पाचाच्या आतली. आत्ती पंच्याहत्तरच्या वर.”

हिशेब चोख होता. बायकांना अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं, पंच्याहत्तर ओलांडलेल्यांना फुकट. मी आजींचं आधार मागितलं. त्यावर जन्मसाल 1952. म्हणजे त्र्याहत्तर. अर्धं तिकीट लागणार.

आजी खवळल्या. “कोयनेचा भूकंप झाला तवा माझ्या पदरात दोन पोरं हुती! एक पाळण्यातनं खाली पडलं तवा!”

कोयनेचा भूकंप 1967 चा. आधार खरं मानलं तर आजी पंधराव्या वर्षी दोन पोरांची आई. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं साल ठोकून दिलं असणार, तसली कार्डं आम्ही रोज बघतो. आजी खरं बोलतायत हे मला कळत होतं, पण चेकिंगला आलेल्या साहेबाला मी भूकंप दाखवू शकत नव्हतो.

मागं रांग ओरडायला लागली. मी म्हणालो, “ऱ्हाऊ दे, अर्ध्याचं मी घालतो.”

बाई म्हणाली, “आता तुमी घालशीला, येताना कोन घालनार?”

आणि तिनं रुमालाची एक गाठ सोडली. पोरगा बघतच राहिला. ती गाठ जत्रेतल्या पाळण्याची होती हे मला त्याच्या तोंडावरनं कळलं. घरनं पाचशे रुपये घेऊन निघालेली माणसं. एक गाठ येण्या-जाण्याची, एक देवाची, एक रसाची, एक पोरांच्या पाळण्याची. पाचवी कसली ते मला संध्याकाळी कळलं.

मग शिवाजी पूल, केर्ली, घाट. सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. दर फेरीला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, नाचताना दिसायच्या, चांगभलं ऐकू यायचं, आणि माझ्या डोक्यात तो पाळणा फिरायचा. कंडक्टरचं मन एवढं हळवं असून चालत नाही खरं तर.

पालखी यमाईच्या देवळाकडं जाऊन आल्यावर गर्दी उतरायला लागली. आठच्या सुमारास तेच पाचजण रांगेत. दवण्याचा वास, पोराच्या तोंडात पिपाणी, बारकी बापाच्या खांद्यावर झोपलेली. बाईच्या हातातल्या गाठोड्यात आता भाकरी नव्हती, तरी ते सकाळपेक्षा जड दिसत होतं.

“काय घेतलं एवढं?”

तिनं फडकं जरासं उघडून दाखवलं. खोबरं! गुलालानं माखलेले तुकडे, अर्ध्या वाट्या, काही ठिकाणी पायानं चेपलेले. सासनकाठ्यांवर लोक गुलाल-खोबरं उधळतात, ते पोरगं दिवसभर माणसांच्या पायांतनं शिरून गोळा करत होतं. आजी कडेला पदर पसरून बसलेल्या. किलोभर तरी असावं. लहानपणी आम्हीही वेचायचो, त्यापायी बापाचा मारही खाल्लाय, पण आमचं वेचलेलं जाग्यावरच संपायचं.

पाचवी गाठ खोबऱ्याचीच होती. चैत्र-वैशाखात आमच्याकडं वर्षाची चटणी होते, आणि कांदा-लसूण चटणीला सुकं खोबरं लागतंच. जत्रेवरनं येताना कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात खोबरं घ्यायचं असं ठरलं होतं. त्या वर्षी त्याचा भाव ऐकून दुकानातनं माघारी फिरावं असा. आता ते फुकट मिळालं म्हटल्यावर तिनं ती गाठ डोंगरावरच सोडली. दोन्ही पोरांना पाळणा, पिपाणी, आणि राहिलेल्यात आजींना हिरव्या बांगड्या. बांगड्या ठरलेल्या नव्हत्या, हे तिनं जरा कबुली दिल्यासारखं सांगितलं.

मी म्हणालो, “गुलाल लागलेलं चटणीत घालनार?” आजकालच्या गुलालाचा मला भरवसा नाही.

“वरचं खरवडून काढायचं, मग उनात टाकायचं,” आजी म्हणाल्या. “देवाचं हाय ते.”

मी मशीन हातात घेतलं. आजींनी बांगड्यांचा हात पुढं करून सांगितलं, “मास्तर, सकाळपास्नं माझं वय वाढलं आसंल. बघा की मशीनमदी.”

रांगेतली माणसं हसली. मी अर्धं तिकीट काढलं. अडीच तिकिटांचे पैसे बाईनं आधीच मोजून मुठीत धरले होते, सुट्टे, शेवटच्या नाण्यापर्यंत.

गाडी भरली. मी बेलच्या दोरीला हात घालायच्या आत पोरानं दोनदा पिपाणी वाजवली, आणि आमच्या ड्रायव्हरनं गाडी सोडली.