लाल माठाची जुडी आणि ३२० नंबरचा काजू

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी असते आणि आहाराचा सल्ला द्यायला मी बसते. सिंधुदुर्गात माझ्या टेबलापर्यंत एक समज हमखास येतो: महाग ते पौष्टिक. काजू म्हणजे ताकद, पालेभाजी म्हणजे नुसतं तोंडीलावणं.

एप्रिलातली गोष्ट. सहाव्या महिन्यातली एक मुलगी सासूबरोबर आली. हिमोग्लोबिन ८.९. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. लोहाच्या गोळ्या तिने सोडल्या होत्या, पोट साफ होत नाही म्हणून. खाण्याचं विचारलं तर सासूबाईंना ते लागलंच. "मी तिका रोज धा काजू देतंय, घरचे. पाल्यात काय आसता? सगळा पाणीच."

पाणी असतं हे खरंच. म्हणूनच १०० ग्रॅम माठात जेमतेम ३० कॅलरी आणि १०० ग्रॅम काजूगरात साडेपाचशेच्या वर. लोह मात्र दोन्हींत जवळपास सारखं, ६ मिलिग्रॅमच्या आसपास; माठात जातीप्रमाणे थोडं कमीजास्त. पण काजू १०० ग्रॅम खातं कोण?

सासूबाई पूर्वी काजूच्या कारखान्यात गर निवडायला जायच्या. मी विचारलं, ३२० नंबर म्हणजे काय? "एका पौंडात तीनशे वीस गर," त्या लगेच म्हणाल्या. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. मग आम्ही कागदावर भागाकार केला: एक गर १.४ ग्रॅम, दहांचे १४ ग्रॅम. त्यात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि गरोदर बाईला दिवसाला २७ लागतं. बाजाराच्या पिशवीत त्यांच्याकडे माठाची जुडी होतीच. देठं काढून पानं काट्यावर टाकली, १०० ग्रॅमच्या वर भरली. त्या बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या.

पानांतलं सगळं लोह अंगी लागत नाही, हेही सांगितलं. जेवणावर चहा घेतला तर आणखी कमी लागतं. लिंबू पिळलं तर जास्त. क जीवनसत्त्व, फोलेट, कॅल्शियम यांत माठ काजूच्या कितीतरी पुढे. काजूची बाजू वेगळी: प्रथिनं, मॅग्नेशियम, जस्त आणि चांगली चरबी. वजन न वाढणाऱ्या पोरीला ते हवंच, म्हणून काजू बंद करायला मी सांगितलं नाही. आपल्याकडे माठावर ओलं खोबरं घालतात ते फार शहाणपणाचं आहे, कारण पानातलं कॅरोटीन शरीरात शिरायला स्निग्ध लागतं.

मग सासूबाईंनीच विचारलं, "आणि बोंडां? ती तर झाडाखाली कुजतत." काजूच्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, हे ऐकून त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून रस काढूया गो."

ठरलं ते असं: गोळी पुन्हा सुरू, पण रात्री जेवून झाल्यावर, चहा जेवणापासून तासभर लांब, दुपारी माठ किंवा शेवग्याचा पाला, वर लिंबू, काजू संध्याकाळी. पोट साफ राहायला पाणी आणि कुळथाची उसळ. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन १० च्या जरा वर आलं. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी दोघींना स्पष्ट सांगितलं आणि प्रसूतीपर्यंतच्या गोळ्या मोजून हातात दिल्या.