नहरीच्या वाटेनं संभाजीनगर

संभाजीनगरचं चित्र काढायचं म्हटलं की सगळ्यांचा बीबी का मकबराच समोर येतो. तोही पुढून, कारंज्यांची रांग मधोमध धरून. यंदा भाचीला सोबत घेतलं आणि ठरवलं, शहर काढायचं ते पाण्याच्या वाटेनं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवलं आणि नहर-ए-अंबरी या कालव्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणलं. त्या पाण्यावरच हे शहर वाढलंय, मग त्याच्याच नजरेनं का बघू नये?

सुरुवात मकबऱ्यामागच्या लेण्यांपासून केली. इथून मकबऱ्याची पाठ दिसते. घुमट चिमुकला, आणि त्याच्यापलीकडे पाण्याच्या टाक्यांची, गच्च्यांची न संपणारी गर्दी. मला हेच शहराचं खरं चित्र वाटलं.

पाण्याच्या जोरावर दळण दळणाऱ्या जुन्या पाणचक्कीत मात्र आम्ही रेंगाळलो. खापरी नळांतून आलेलं पाणी दाबानं उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. फोटो सगळे त्या धबधब्याचा काढतात. पण हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे! दोन रांगांतल्या भक्कम खांबांनी एवढं पाणी डोक्यावर पेललंय. उन्हाळ्यात गारव्यासाठी लोक त्या दालनात बसत. कॅमेऱ्यात वरचं आणि खालचं एकदम मावत नाही. म्हणून वहीत उभा छेद काढला: वर मासे आणि काठावर वाकलेली पोरं, मध्ये दगडी छत, खाली खांब आणि भिंतीला टेकलेला थकला-भागला वाटसरू. पेन्सिलीनं खालची सावली गडद करत गेलो, तसं वरचं पाणी आपसूक उजळलं.

शेजारीच शहराचा जुना महमूद दरवाजा. भाची खाम नदीच्या काठाला उतरली, गुडघ्यावर बसली आणि मोबाइल वर धरून म्हणाली, "मामा, इथून दरवाजा किती उंच दिसायलाय!" रस्त्यावरून तो वाहतुकीला अडचण वाटतो, खालून बघितला की पूल, कमान, नदी एकाच बांधणीतली वाटतात. नदीला वास आहे, कचराही आहे. तो मी चित्रातून गाळला नाही. स्वच्छतेचं काम चालू आहे, आणि नदी आज जशी आहे तशीही कुठंतरी नोंदली गेली पाहिजे.

हौदाचा तसा छेद मोठा करून पाणचक्कीच्या दाराशीच लावायला हवा. मग आलेला माणूस धबधब्यासमोर सेल्फी काढून परत फिरणार नाही, आपल्या पायाखाली काय आहे ते विचारेल.