फेल गेलेली पावती

2024 च्या राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस. सकाळी शटर वर केलं तर पायरीवर तीस-चाळीस बाया आधीच येऊन बसलेल्या. लाडक्या बहिणीचे जुलै-ऑगस्टचे मिळून 3,000 रुपये खात्यात पडायला लागले होते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून बँकेची शाखा चौदा किलोमीटरवर. गावात आहे ती मी, अंगठ्याचं मशीन आणि गल्ल्यातली रोकड. बचत गटातून निवड होऊन मी बँक सखी, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणारी, झाले, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

निम्म्या बायांचा प्रश्न एकच होता, पैसे कुठल्या बँकेत पडले? फॉर्मवर एका बँकेचं खातं लिहिलेलं असतं, पण पैसे जातात ते आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं असेल तिथे. जनधनच्या शिबिरात उघडलेली, पासबुक केव्हाच हरवलेली खाती त्या आठवड्यात जागी झाली. मी आधी आधार कुठे जोडलंय ते बघत होते, मग मशीनवर त्या बँकेचं नाव निवडत होते.

अकराच्या सुमारास वरच्या आळीच्या आत्याबाई पुढे आल्या. तीस वर्षं ऊसतोडीला जातात. त्यांचा अंगठा मशीनवर ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, काचेवर ठेवलं तर नुसता डाग उमटावा अशी. हात धुवायला लावले, पदरानं कोरडे केले. मग बोट कपाळावरून फिरवायला सांगितलं, कपाळाच्या तेलकटपणानं कधीकधी ठसा उमटतो. उजव्या हाताची पाचही बोटं फेल गेली. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट ठेवलं आणि हिरवा दिवा लागला.

मी कधीही आधी शिल्लक बघते, मग विड्रॉल करते. शिल्लक आली 212 रुपये.

“आत्याबाई, तुम्ही पैसे काढलेत का?”

“नाय गं माय. शनिवारी शेजारच्या गावात गेले होते, तुझं मशीन बंद होतं तवा. त्या पोरानं चार बारी बोट ठिवून घेतलं, म्हणला थंब येत नाय, सर्व्हर डाऊन हाय. रिकाम्या हातानं आले.”

मिनी स्टेटमेंट काढलं. 3,000 जमा. खाली शनिवारचीच तारीख, 3,000 वजा.

आत्याबाईंना वाचता येत नाही, पण माझं तोंड त्यांना वाचता आलं. त्या खालीच बसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “खाल्ले त्यानं!” त्यांचा मुलगा गाडीला किक मारून निघालाच होता. खरं सांगते, क्षणभर मलाही तेच वाटलं. शिल्लक बघतो म्हणून बोट ठेवून घ्यायचं, पैसे काढून घ्यायचे आणि फेल गेलं म्हणून बाईला परत पाठवायचं, असले प्रकार घडतात. पण प्रशिक्षणात सांगितलेलं आठवलं. रेंज नेमकी मधेच गेली तर खात्यातून पैसे वजा होतात आणि आपल्या मशीनला उत्तरच येत नाही. पैसे ना गिऱ्हाइकाला मिळतात, ना आपल्याला. मी मुलाला हात धरून थांबवलं आणि सगळ्यांसमोर त्या पोराला फोन लावला.

तो घाबरला, पण त्यानं लपवलं काहीच नाही. शनिवारच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. आत्याबाईंच्या नावावर तीन व्यवहार फेल आणि एक पेंडिंग. पेंडिंगपुढे त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर. त्यानं पावती का दिली नाही? कारण फेल गेलेल्याची पावती कुणीच देत नाही. रोल संपतो, मागे रांग असते. तोवर मीही देत नव्हते. तो नंबर कागदावर आत्याबाईंच्या हातात असता, तर त्यांचे तीन दिवस वाचले असते आणि एका पोरावर चोरीचा आळ आला नसता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन शाखेत गेले. खिडकीवरचा माणूस आधी म्हणाला, जिथे बोट ठेवलंत तिथे जा. मी बारा आकडी नंबर पुढे केला आणि रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम सांगितला. अशा अडकलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये. मग अर्ज घेतला, शिक्काही मारून दिला.

पैसे सातव्या दिवशी आले. वरच्या दोन दिवसांचे 200 रुपये नियमानं न मागता मिळायला हवेत, पण त्यासाठी दुसरा अर्ज करावा लागला आणि ते यायला महिना गेला. त्या 200 रुपयांसाठी मी भांडले याचा मला अभिमान आहे. ज्या बाईची मजुरी टनावर मोजतात, तिचे दोनशे कुणी सोडून देऊ नयेत.

तेव्हापासून माझ्याकडे व्यवहार फेल गेला तरी पावती निघते. रोल जास्त लागतात, लागू देत. आणि बोट ठेवण्याआधी रक्कम मी मोठ्यानं म्हणते, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी.

दिवाळीनंतर टोळी कोल्हापूरकडे निघाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई पासबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, “तिकडं मला कोण वळखतंय? यावर लिहून दे.” मी पेन घेतलं आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘डावा हात, करंगळीशेजारचं बोट. फेल गेलं तरी पावती द्यावी.’ त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी कमरेला खोचली.