तारेचे दुसरे टोक

डिजिटल टेलिव्हिजनच्या प्रदर्शनांत आमच्या दालनाची तांत्रिक मांडणी माझ्याकडे असते. दारे उघडण्यापूर्वीच्या धावपळीबद्दल लिहीत नाही. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ती एकच गोष्ट सांगते. दालनातला एकही सेट हवेतून आलेले प्रक्षेपण दाखवत नसतो. लोखंडी छताच्या सभागृहात अँटेनावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पडद्यामागे सर्व्हर आणि मॉड्युलेटर (चित्रफितीपासून प्रक्षेपणाचा सिग्नल बनवणारे यंत्र) ठेवून आम्ही स्वतःचेच छोटे प्रक्षेपण तयार करतो आणि ते केबलने, स्प्लिटरमधून वाटत, सेटपर्यंत पोहोचवतो. प्रत्येक टोकाला सारखाच सिग्नल मिळतो आहे ना, हे मी स्वतः मीटर लावून तपासते. ते काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

चित्रफीतही पारखून घेतलेली असते. कॅमेऱ्यातून निघणारे उच्च दर्जाचे चित्र सेकंदाला गिगाबिटच्या घरात जाते, तर अमेरिकेच्या पहिल्या डिजिटल पद्धतीत ६ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिटच मावतात, म्हणून चित्रातली माहिती दाबून लहान करावी लागते. फुलाची पाकळी किंवा फांदीवर स्थिर बसलेला पक्षी एवढा दाबला तरी बिघडत नाही, पण उसळणारे पाणी किंवा हिरवळीवर धावणारे खेळाडू आले की हलत्या भागांच्या कडांना चौकोनी तुकडे उमटू लागतात. मी दर वेळी सामन्याची फीत मागते, कारण लोक घरी सामनेच पाहतात. विपणन विभाग दर वेळी फुलांचीच पाठवतो.

त्या दिवशी प्रदर्शन सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले होते. दर्शनी भागात अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे दोन सेट शेजारी शेजारी ठेवून तुलना चालू होती आणि लोक डिजिटलपुढे हरखून उभे राहत होते. एक वयस्कर गृहस्थ मात्र चित्राकडे फारसे न पाहता सेटच्या मागच्या बाजूला गेले, वाकून केबल हातात धरली आणि त्यांनी मला विचारले, “बाई, या तारेचे दुसरे टोक कुठे आहे?”

मी त्यांना पडदा सरकवून मॉड्युलेटर दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि घरची परिस्थिती सांगितली. त्यांच्या छतावर जुना अँटेना होता, प्रक्षेपण केंद्र दूर होते, आणि बातम्यांच्या वाहिनीवर कायम मुंग्या असत. पण आवाज स्पष्ट येई, आणि पत्नीची दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना तेवढे पुरत असे. डिजिटल झाल्यावर त्या मुंग्या जातील की वाहिनीच जाईल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

इतका नेमका प्रश्न मला व्यापाऱ्यांकडूनही क्वचितच ऐकायला मिळतो. तोंडी उत्तर देण्याऐवजी मी पेटीतून एकेका डेसिबलने (सिग्नलच्या ताकदीचे माप) सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर काढला आणि स्प्लिटरच्या अलीकडे, दोन्ही सेटच्या सामाईक केबलमध्ये जोडला. सिग्नल उतरवू लागले तशा अ‍ॅनालॉगवर आधी बारीक, मग दाट मुंग्या आल्या. डिजिटलवर काहीच फरक पडला नाही. भोवतालचे लोक खूश झाले. मी थांबले नाही. अ‍ॅनालॉगचे चित्र ओळखू येईनासे झाले, आवाज मात्र खरखरत का होईना कळत होता. पुढच्या एका डेसिबलला डिजिटल चित्रातल्या फुलाचे चौकोनी तुकडे झाले आणि आवाज तुटू लागला; त्यापुढच्या डेसिबलला पडदा निळा झाला आणि ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरली. डिजिटलमधली त्रुटीदुरुस्ती एका मर्यादेपर्यंत सगळे दोष भरून काढते आणि ती ओलांडली की एकदम कोसळते. त्या अमेरिकी पद्धतीत ही मर्यादा सिग्नल आणि गोंगाट (सिग्नलमध्ये मिसळणारा विद्युत व्यत्यय) यांच्यातल्या सुमारे १५ डेसिबलच्या अंतरावर आहे. तिच्या अलीकडे निर्दोष चित्र आहे, पलीकडे आवाजसुद्धा नाही.

त्यांनी बूस्टरबद्दल विचारले, तेव्हा मी सविस्तर बोलले, कारण इथे लोकांचे पैसे हमखास वाया जातात. टीव्हीशेजारी ठेवलेला बूस्टर केबलमधून दुबळा होऊन आलेला सिग्नल गोंगाटासकट मोठा करतो. तो वर, अँटेनाच्या खांबावरच बसवावा लागतो, आणि त्याआधी अँटेनाची दिशा व जुनी केबल तपासावी लागते. त्यांनी प्रत्येक शब्द कागदावर उतरवून घेतला. सेट न घेता, आधी छतावरचे काम करून घेतो असे सांगून ते गेले.

एवढ्यात निळ्या पडद्याचे छायाचित्र कुणीतरी काढले होते, आणि वर आमच्या कंपनीचे नाव झळकत होते. आमचे विपणनप्रमुख संतापले. त्यांचा एक मुद्दा मी मान्य करते: ते प्रात्यक्षिक पाहून एक जोडपे, त्यांच्या घरी सिग्नल बहुधा उत्तम असूनही, डिजिटलचा नाद सोडून निघून गेले, आणि त्यांना थांबवून समजावण्याइतका वेळ मला मिळाला नाही. तरीही केवळ चित्राच्या सौंदर्यावर डिजिटल विकणे मला पटत नाही. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १७ फेब्रुवारी २००९ ला बंद व्हायचे होते. लोकांची तयारी अपुरी म्हणून ते १२ जूनपर्यंत लांबवले गेले, आणि त्यानंतरही घरोघरच्या अडचणी निघाल्या त्या अँटेनाच्या आणि वाहिन्या पुन्हा न शोधल्याच्या. काही केंद्रे यूएचएफ (वरच्या कंप्रतांचा पट्टा) सोडून व्हीएचएफवर (खालच्या कंप्रतांच्या पट्ट्यावर) परतल्यामुळे केवळ यूएचएफचा अँटेना असलेल्यांच्या वाहिन्या गेल्या. उत्तम सेट विकत घेऊनही त्यांच्यापुढे निळाच पडदा होता.

पुढच्या प्रदर्शनाच्या नकाशात मी अ‍ॅटेन्युएटर, खांबावरचा बूस्टर आणि केबलचे नमुने यांचे वेगळे टेबल दाखवले आहे, तेही नावाच्या फलकापासून दूर, शिवाय आपल्या घराचा सिग्नल कसा ओळखायचा हे प्रत्येकाला सांगायला तिथे पूर्णवेळ एक तंत्रज्ञ मागितला आहे. टेबलाला मंजुरी मिळाली आहे. तंत्रज्ञासाठी माझा पत्रव्यवहार चालू आहे.