मातीला आलेल्या माणसाला ख्रिस्ती घराने काय सांगावं?

खानदेशात ख्रिस्ती घरात कुणी वारलं की मातीला जमलेल्या गर्दीत ख्रिस्ती माणसं बहुधा कमीच असतात. भाऊबंद, सोयरे, गल्लीतले लोक, शेतावरचा सालदार, सगळे येतात. दारावर बसायला आलेली जुनी माणसं ठरलेले प्रश्न विचारतात. दहावं कधी? गंधमुक्ती कोणत्या तारखेला? पिंड ठेवणार नाही, तर मग आत्म्याला गती कशी मिळणार? घरातला मुलगा थकलेला असतो, तो "आमच्यात तसलं काही नसतं" म्हणून मोकळा होतो. विचारणारा गप्प बसतो आणि मनात एवढंच घेऊन जातो की या लोकांनी बापाला वाऱ्यावर सोडलं.

आमच्यात असतं, आणि पुष्कळ असतं. ते चार माणसांत नीट सांगता यावं म्हणून हे लिहितो आहे. पाळक, धर्मशिक्षक आणि प्रार्थना चालवणारे मंडळीतले वडील यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आत्मा उडून स्वर्गात गेला, एवढ्यावर ख्रिस्ती आशा संपत नाही. अनेक चर्चमध्ये दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत 'देहाचे पुनरुत्थान' हे शब्द आहेत. येशू तिसऱ्या दिवशी देहाने उठला, तसेच आपणही उठू, हा पाया. प्रेषित पौलाने बायबलातल्या १ करिंथकरांस या पत्राच्या १५व्या अध्यायात दाण्याचा दृष्टान्त दिला आहे: पेरलं जातं ते एक, उगवतं ते दुसरं, तरी ते त्याच दाण्याचं असतं. कापूस-ज्वारी पेरणाऱ्या माणसाला हा अध्याय वाचून दाखवला तर वेगळं प्रवचन लागत नाही. पुरण्याची रीत याच आशेतून टिकली. पुनर्जन्माचं चक्र इथे नाही. इब्री लोकांस ९:२७ प्रमाणे माणसाने एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय.

पण "जाळलं तर उठणार कसा?" ही भीती निराधार आहे. दहनाला कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये परवानगी दिली, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचीही हरकत नसते. जागेअभावी किंवा नातेवाइकांच्या आग्रहामुळे दहन झालं तर खरी अडचण दुसऱ्या दिवशी उभी राहते. कुणीतरी अस्थी तापीकाठच्या प्रकाशा या गावी नदीत सोडायला न्यायचं ठरवतो. २०१६ च्या रोमच्या सूचनेप्रमाणे कॅथलिकांनी अस्थी पाण्यात सोडायच्या नाहीत, उधळायच्या नाहीत आणि भावंडांत वाटून घ्यायच्याही नाहीत. त्या दफनभूमीत किंवा चर्चने त्यासाठी राखलेल्या पवित्र जागीच ठेवायच्या. हे दहनाआधी सोयऱ्यांना सांगून ठेवावं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

पुरणार असाल तर जमिनीचा विचार करा. तापीकाठची खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पावसात आदल्या रात्री खणलेल्या खड्ड्याच्या कडा सकाळपर्यंत ढासळतात, म्हणून खड्डा त्याच दिवशी खणावा. वरचा मातीचा उंचवटा सढळ ठेवावा, कारण माती बसणारच. फरशी किंवा क्रूस पक्का करायची घाई करू नये. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, नाहीतर बांधकाम तिरकं होतं. कबर खचली की घरातल्यांच्या मनात नको त्या शंका येतात, तेव्हा हे मातीचंच काम आहे असं आधीच सांगितलेलं बरं.

आता मुख्य प्रश्न. मरणापासून पुनरुत्थानापर्यंत माणूस असतो कुठे? इथे चर्चची मतं वेगळी आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक शिकवणीत मरताक्षणीच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो (पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये हे ठामपणे मांडलं). देवाच्या मैत्रीत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस शुद्धीस्थानातून जातो. ती नरकाची हलकी आवृत्ती मुळीच नाही. तिथला प्रत्येक जण स्वर्गातच पोचणार आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत शुद्धीस्थान नाही. विश्वासणारा लगेच प्रभूजवळ जातो, आणि त्यासाठी येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेलं 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे वचन (लूक २३:४३) आणि फिलिप्पैकरांस १:२३ पुढे केलं जातं. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी म्हणते की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेतच असतो, त्याला काही कळत नाही. त्यांचा आधार उपदेशक ९:५. तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: मेलेला माणूस घरात घुटमळत नाही, कावळ्याची वाट पाहत नाही, आणि जिवंतांनी काही विसरलं म्हणून त्याची वाट अडत नाही. घाबरलेल्या घराला आधी हेच सांगावं.

मिश्र घरात, म्हणजे सून कॅथलिक आणि सासर अलायन्स किंवा पेन्टेकोस्टल अशा प्रॉटेस्टंट मंडळीतलं अशा घरात, सातव्या आणि तिसाव्या दिवसाच्या मिस्सावरून, म्हणजे चर्चमधल्या कॅथलिक उपासनेवरून, ताण येतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा कॅथलिक आधार २ मक्काबी १२ मध्ये आहे, आणि तो ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलात नाही. म्हणून वचन दाखवून हा वाद मिटत नाही. मिटतो तो एकमेकांना काय म्हणायचं आहे ते समजल्यावर. "पैसे भरून स्वर्ग विकत घेतात" हा आरोप मात्र चुकीचा आहे. मिस्सासाठी दिलं जातं ते दान असतं. त्याला व्यापाराचा वाससुद्धा येऊ नये असं कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, ९४७वं कलम सांगतं, आणि गरिबासाठी दानाशिवाय मिस्सा करावी असं ९४५वं. प्रॉटेस्टंट नातेवाइकाने मिस्साला शांत बसावं. मृतासाठी प्रार्थना पटत नसेल तर त्याच वेळी घरच्यांसाठी करावी. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायला पुढे जाऊ नये, एवढं पथ्य.

नरकाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबतो. येशू नरकाबद्दल बोलला, स्पष्ट बोलला. ते पुसून टाकता येत नाही. मत्तय २५:३१-४६, मार्क ९:४३-४८, लूक १६:१९-३१ हे उतारे, आणि शिवाय प्रकटीकरण २०:११-१५. पण हे उतारे शेवटपर्यंत वाचा. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी डावीकडे उभ्या केलेल्यांवर ठपका आहे तो भुकेल्याला जेवू न घातल्याचा, तुरुंगातल्याला न भेटल्याचा. लूक १६ मधला श्रीमंत आपल्याच दारात पडलेल्या लाजराला रोज ओलांडून जात होता. मातीच्या वेळी हा उतारा वाचून अधोलोकाचा नकाशा काढत बसणारा उपदेशक त्यातला दारातला माणूस विसरतो. माझ्या मते ही गंभीर चूक आहे.

दुसरी चूक माहितीची. यरुशलेमेजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात शहराचा कचरा अखंड जळत असे आणि त्यावरून येशूने नरकाचं चित्र घेतलं, असं अनेक प्रवचनांत ऐकू येतं. याला येशूच्या काळचा पुरावा नाही, ही माहिती सुमारे १२०० सालच्या ज्यू भाष्यात पहिल्यांदा दिसते. पवित्र शास्त्रात त्या खोऱ्याची नोंद फार भयानक आहे: तिथे आईबाप आपली लेकरं अग्नीत होमत होते (यिर्मया ७:३१), आणि योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून बंद पाडली (२ राजे २३:१०). देवाला ज्याची किळस आली ते हे.

नरक सार्वकालिक म्हणजे काय, यावरही ख्रिस्ती विचारात तीन प्रवाह आहेत. बहुसंख्य चर्च ऑगस्टीन या प्राचीन धर्मगुरूंप्रमाणे न संपणारी शिक्षा मानतात. काही जण मानतात की दुष्टांचा शेवटी नाशच होतो, ते उरत नाहीत. अॅडव्हेंटिस्टांची ही शिकवण आहे, आणि जॉन स्टॉट या इंग्लिश पाळकांनी १९८८ मध्ये तिच्या बाजूने लिहिलं तेव्हा इव्हँजेलिकल जगात मोठी खळबळ उडाली. तिसरा प्रवाह नीसाचे बिशप ग्रेगरी यांचा, चौथ्या शतकातला: देव शेवटी सगळ्यांनाच शुद्ध करून परत आणील. ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावाने चालणाऱ्या तशाच मताचा ५५३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला निषेध झाला. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथ (कलम १०३५ आणि १०३७) म्हणतो की नरकाची मुख्य शिक्षा म्हणजे देवापासून कायमचा दुरावा, आणि देव कुणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही. चर्चने शेकडो संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाही नावाबद्दल कधी जाहीर केलेलं नाही. कबरीशी उभं राहून मेलेल्याचा निकाल सांगणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

मग तारण होतं कशाने? शेजारी विचारतात, "म्हणजे काहीही पाप करा आणि येशूला मानलं की झालं?" नाही. इफिसकरांस २:८-९ म्हणतं की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे. लगेच दहावं वचन म्हणतं की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलं आहे. सातबाऱ्यावरचा बोजा दुसऱ्याने फेडला म्हणजे आपण काही कमावलं असं होत नाही, पण जमीन मोकळी झाल्यावर ती पडीक ठेवायची नसते. याच मुद्द्यावर १५१७ नंतर युरोपातलं चर्च कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असं फुटलं, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबुर्गला ल्युथरन (प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवर एकत्र सही केली. "कॅथलिक कर्माने तरायला बघतात, आम्ही विश्वासाने" हे वाक्य गावोगावी अजून चालतं. ते आता सोडून द्यायला हवं.

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागात एक प्रश्न सगळ्यांहून खोल बोचतो. ज्या घरात पहिली पिढी विश्वासात आली, तिथे नातू विचारतो, "आमच्या आजाने येशूचं नावही ऐकलं नव्हतं. त्याचं काय?" घाईने उत्तर देऊ नका. रोमकरांस २:१४-१६ सदसद्विवेकबुद्धीची साक्ष मोजते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्याला सुवार्ता कळली नाही, पण जो प्रामाणिक मनाने देवाला शोधतो, त्याचं तारण होऊ शकतं. अनेक प्रॉटेस्टंट पाळक इतकं पुढे जात नाहीत. त्यांनीही उत्पत्ती १८:२५ मधला अब्राहामाचा प्रश्न वाचून थांबावं: सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? "तारण थोड्यांचंच होणार का?" असं येशूला विचारलं गेलं (लूक १३:२३), तेव्हा त्याने आकडा सांगितला नाही. तुम्ही अरुंद दाराने आत जाण्याचा यत्न करा, असं तिथल्या सगळ्यांनाच सांगितलं.

बाप्तिस्मा न झालेल्या श्रद्धावंताचा अंत्यविधी नाकारल्याने घरं तुटतात. कॅथलिकांत बाप्तिस्म्याची तयारी करणारा उमेदवार अंत्यविधीसाठी ख्रिस्तीच धरला जातो (कॅनन कायद्याचं कलम ११८३), वेगळी परवानगी लागत नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी आईबापांचा तसा मानस होता एवढं पुरतं, पण बिशपांची परवानगी घ्यावी लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, म्हणून फादरांना नाशिकला फोन करावा लागतो. तो लगेच करायला सांगा. मे महिन्यात भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत वाट बघायला वेळ नसतो. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने म्हटलं आहे.

आणि आत्महत्या. कर्जाखाली जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी "आत्महत्या म्हणजे थेट नरक" असं बोलणारा कुणीतरी निघतोच. हे जुन्या नियमांचं ओझं आहे. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अशा माणसासाठी अंत्यविधी वापरू नये असं लिहिलं होतं, १९१७ च्या कॅनन कायद्यातही मनाई होती. १९८३ च्या कायद्यात ती मनाई नाही. धर्मशिक्षण-ग्रंथ (२२८२-२२८३) म्हणतो की तीव्र मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी मिळू शकते. पूर्ण विधी करा, घंटा वाजवा, नाव घ्या. प्रवचनात मरणाची रीत सांगू नका, आणि ती लपवायला खोटं कारणही सांगू नका.

एकूण विधी अर्ध्या तासात बसवा: घरी एक गीत आणि प्रार्थना, मग योहान ११:२५-२६, कबरीशी १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८, दहा मिनिटांचं प्रवचन, मूठमाती. थेस्सलनीकाकरांसचं ते वचन वाचून "रडू नका" म्हणू नका. पौल म्हणतो ते आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका, एवढंच. आपला मित्र लाजर (लूक १६ मधला नव्हे) याच्या कबरीशी येशू स्वतः रडला. नरकाची धमकी देऊन तिथेच विश्वास धरल्याची खूण म्हणून हात वर करायला लावणंही टाळा. दुःखात धास्तावून वर गेलेला हात महिन्याभरात खाली येतो.

राहिलं दहावं. त्या दिवशी नातेवाईक येणारच असतील तर येऊ द्या. घरी प्रार्थनासभा ठेवा, आलेल्यांना जेवू घाला, मुंडण करायचं की नाही हे मुलांवर सोडा. पिंड मात्र ठेवू नका, कारण त्याने आत्म्याची वाट मोकळी होते असं मानलं जातं, आणि आपण सांगतो की ती वाट ख्रिस्ताने मोकळी केली आहे. एवढं कारण म्हाताऱ्या मामांना शेजारी बसून, जेवणाआधी, सावकाश सांगा.